कानावर आलेलं सांगायला हवं

माझ्या मोठ्या आत्याचं झोपेत दात खाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते देवळाली कॅम्पात, लॅम रोडवरच्या एका सॅनिटोरियममध्ये. घरचं लग्न होतं आणि वऱ्हाड उतरायला तिथल्या खोल्या मिळाल्या होत्या. डिसेंबरची थंडी, शहाबादी फरशी, बायकांच्या खोलीत भिंतीला लागून आठ-नऊ गाद्या. मध्यरात्री कधीतरी मला जाग आली. कुणीतरी रिकामं जातं ओढतंय असा आवाज येत होता. तो थांबायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. मी बारा-तेरा वर्षांची होते. घाबरून उठून बसले, तेव्हा कळलं की आवाज शेजारच्याच गादीवरून येतो आहे. आत्या शांत झोपली होती. चेहऱ्यावर राग नव्हता, कपाळाला आठी नव्हती. फक्त कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी, गालाचा एक गोळा उठत होता आणि बसत होता.

सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलंच, "वन्सं, रात्रभर कुणावर दातओठ खात होतात हो?" सगळ्या हसल्या. आत्याने पदर तोंडाशी नेला. तिला स्वतःला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे त्या हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर कुठल्याही लग्नकार्यात ती चारचौघींत झोपली नाही. कोठीच्या खोलीत, स्वयंपाकघरात, गच्चीच्या जिन्याखाली पथारी टाकायची. "मला पहाटे उठायचं असतं, तुमची झोपमोड नको," म्हणायची. पुढे तिचे यजमान गेले आणि ती घरीही एकटीच झोपू लागली. तिचे दात कुणी ऐकतच नव्हतं आता.

ही गोष्ट मी सांगते आहे ती तिच्या आठवणीसाठी, आणि एका मुद्द्यासाठी. ताप आलेला माणसाला कळतो, पोट दुखलं तर कळतं. झोपेत दात खाणं मात्र ज्याचं आहे त्याला कळत नाही, बाजूला झोपलेल्याला कळतं. म्हणजे या बाबतीत पहिली तपासणी होते ती घरातल्या माणसाच्या कानाने. तो कान काय करतो, हसतो की नावं ठेवतो की सकाळी जवळ बसून नीट सांगतो, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. आपल्याकडे तो बहुतेक वेळा नावं ठेवतो, आणि नाव एकदा ठेवलं की कारण शोधणं थांबतं.

आपली भाषाच इथे दोन गोष्टींची गाठ मारून बसली आहे. दात खाणं ही झोपेतली हालचाल आणि दातओठ खाणं हा जागेपणीचा संताप, दोन्हींना क्रियापद एकच. त्यामुळे कुणी झोपेत दात खातो म्हटलं की मनात ओळीने पुढचं येतं: कुणावर? हा शब्दप्रयोग जुना आहे. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात लहान मुलांना ग्रहबाधा झाल्याची जी सामान्य लक्षणं दिली आहेत, त्यांत मूल मध्येच दचकतं, रडतं, वर बघत राहतं, आणि दात खातं, असं म्हटलं आहे. संस्कृतातही 'दात' आणि 'खाणं' हेच शब्द. म्हणजे तेराशेच्या आसपास वर्षं मागे गेलं तरी हे वैद्यांनी पाहिलेलं होतं. पाहणं अचूक होतं, कारण म्हणून मात्र ग्रह पुढे केला गेला. पुढे घराघरांत ग्रहाची जागा जंतांनी घेतली. "पोर दात खातंय, जंत झालेत, औषध पाजा," हे वाक्य नाशिक जिल्ह्यात तरी अजून रोज कुठे ना कुठे बोललं जात असेल. मोठ्या माणसाला जंत म्हणता येत नाहीत, म्हणून त्याला राग चिकटवला गेला, आणि गेल्या वीस-तीस वर्षांत रागाच्या जागी टेन्शन आलं. "टेन्शन फार घेते हो ती." आत्याबद्दल घरात हेच बोललं जायचं. मनात ठेवते, बोलत नाही, म्हणून रात्री दातांवर काढते.

एखाद्या शारीरिक गोष्टीला स्वभावाचं नाव देऊन मोकळं होणं किती सोपं असतं, याचा दाखला मला देवळालीइतका दुसरीकडे कुठे मिळत नाही. 1861 च्या सुमारास इंग्रजांनी इथे लष्करी छावणी उभी केली. हवा कोरडी, उंची साडेपाचशे मीटरच्या घरातली, मुंबईचं बंदर आणि रेल्वे जवळ. हिंदुस्थानात येणाऱ्या आणि इथून परतणाऱ्या गोऱ्या शिपायांचा मुक्काम इथे पडू लागला. परतीची जहाजं साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्याची नोकरीची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर भरली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत देवळालीतच थांबावं लागे. काम नाही, कवायत नावापुरती, ऊन, दारू, हिवताप, गुप्तरोग, आणि घरी जायची वाट. काही जणांचं वागणं बिघडे. शिपायांच्या बोलीत त्याला 'डुलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने 1936 साली छापलेल्या आठवणींत या प्रकाराबद्दल लिहिलं आहे. हळूहळू ताप गळून पडला, नुसतं 'डुलाली' उरलं, आणि इंग्रजी शब्दकोशात आज त्याचा अर्थ आहे वेडा, भ्रमिष्ट.

तापाची कारणं हिवतापाचा डास, दारू, जहाजांचं वेळापत्रक अशी होती. यातलं प्रत्येक कारण मोजता येण्यासारखं आणि बदलता येण्यासारखं होतं. पण शब्द चिकटला तो शिपायाच्या डोक्याला आणि आमच्या गावाला. ज्याला हिवताप होता त्याचंही हसू झालं. मी कॅम्पातल्या रस्त्यांवरून चालताना, सरावाच्या तोफांचे दणके काचांना लागत असताना, हे अनेकदा आठवतं आणि मला वाईट वाटतं. पुढे काकूलहून तोफखान्याची शाळा इथे आली, गावाला नवी ओळख मिळाली, पण तो जुना शब्द इंग्रजीत तसाच आहे. माझ्या आत्याचं जे झालं ते याच जातीचं होतं.

मग खरं काय घडतं? डॉक्टर याला ब्रक्सिझम म्हणतात. दात खाणाऱ्यांच्या झोपेची प्रयोगशाळेत नोंद केली गेली, डोक्याला, छातीला आणि जबड्याच्या स्नायूंना तारा लावून, तेव्हा एक क्रम पुन्हा पुन्हा दिसला. झोप उथळ असताना मेंदू काही सेकंदांपुरता जागेपणाकडे सरकतो. माणूस जागा होत नाही, त्याला सकाळी काही आठवत नाही. अशी क्षणिक जाग निरोगी माणसालाही रात्रीत पुष्कळ वेळा येते. नाडी वाढते, मेंदूच्या लहरी बदलतात, आणि त्यामागोमाग जबड्याचे स्नायू तालात आकसू लागतात. म्हणजे दातांचा आवाज हा साखळीचा शेवटचा दुवा आहे. सुरुवात दातांपासून होत नाही, आणि त्या क्षणी मनात कुणाबद्दल राग असायलाच हवा असंही काही नाही. ज्यांना कधी दात खाताना कुणी ऐकलेलं नाही अशा माणसांतही साठेक टक्क्यांमध्ये झोपेत जबड्याची अशी तालबद्ध हालचाल सापडते, फक्त ती कमी वेळा आणि कमी जोराने होते. रात्रभर लाळ गिळत राहायला, श्वासाची वाट मोकळी ठेवायला या हालचालीचा उपयोग होत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. 2018 साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जी व्याख्या ठरवली, तीत अन्यथा निरोगी माणसाचं झोपेत दात खाणं हा आजार नव्हे असं स्पष्ट म्हटलं आहे. ती स्नायूंची एक हालचाल आहे. काहींना तिच्यापासून इजा होते, काहींना होत नाही.

हे वाचलं त्या दिवशी मला आत्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. ती तेव्हा नव्हती.

मग टेन्शनचा काही संबंधच नाही का, असं कुणी विचारेल, आणि त्याला उत्तर द्यायला हवं, कारण तो अनुभव खोटा नाही. परीक्षेच्या दिवसांत, घरात आजारपण असताना, कर्जाचे हप्ते थकले असताना पुष्कळांचे जबडे दुखतात. पण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र झाल्याने गोंधळ होतो. एक जागेपणी दात आवळून धरणं. कॉम्प्युटरसमोर, गाडी चालवताना, मोबाइलवर बोटं फिरवताना, अनेक जण नकळत दातावर दात दाबून बसलेले असतात. त्याचा मनावरच्या ताणाशी संबंध बराच घट्ट आहे. दुसरी झोपेतली. तिचा ताणाशी संबंध पूर्वी वाटत होता त्यापेक्षा सैल निघाला. तिथे घराण्यातून आलेली प्रवृत्ती, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, तंबाखू, दारू, घशाशी येणारं आंबट, घोरणं आणि काही औषधं, अशी बरीच मंडळी असतात. उदासीनतेवर देतात त्या गोळ्यांपैकी काहींमुळे दात खाणं सुरू होऊ शकतं किंवा वाढू शकतं. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना हे सांगायचं, आपण होऊन गोळी बंद करायची नाही. मन सावरणारं औषध दातांसाठी सोडून दिलं तर फार मोठं नुकसान होतं.

ताण हे एक कारण म्हणून मला मान्य आहे. माझी तक्रार ते एकमेव कारण म्हणून वापरण्याबद्दल आहे. "टेन्शन घेऊ नकोस" या वाक्याने आजवर कुणाचा दात वाचल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. पन्नाशीच्या जरा अलीकडे माझी खालची डावी दाढ दुखायला लागली. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. नाशिकमधल्या एका दवाखान्यात मी गेले. एक्स-रे निघाला, कीड नाही असं कळलं, तरीही रूट कॅनाल झालं. वर टोपी बसली. आठ महिन्यांनी उजवीकडची दाढ तशीच दुखू लागली. तिथेही तीच वाट धरणार होते. त्या वेळी दुसऱ्या एका दंतवैद्य बाईंनी आरशाने माझे दात नुसते पाहिले, बराच वेळ, आणि विचारलं, "तुम्ही रात्री दात खाता का? घरात कुणी सांगितलंय?" मी म्हटलं, कोण सांगणार? यजमानांची नोकरी तेव्हा पुण्यात होती, मुलगी हॉस्टेलला. मी एकटीच झोपत होते. माझ्या दाढांचे उंचवटे सपाट झाले होते. दाढेला उभी बारीक भेग होती. जिभेच्या कडेवर दातांचे ठसे होते, आणि गालाच्या आतून, दात मिटतात त्या रेषेत, एक पांढरी रेघ उठली होती. सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकायची, ते मी कमी झोपेवर ढकलत आले होते.

या खुणा प्रत्येकाने आरशासमोर पाच मिनिटं उभं राहून पाहाव्यात. बोटं कानाच्या थोडी पुढे-खाली, गालावर ठेवून दात आवळले की जो स्नायू टच्च होतो, तो सकाळी उठल्या उठल्या दाबून दुखतो का, पाहावं. सकाळी तोंड उघडायला जड जातं का, जांभई देताना कानापाशी कटकन वाजतं का, दातात भरलेलं सिमेंट किंवा बसवलेली टोपी वारंवार निघते का. पण घासलेले दात पाहून लगेच निष्कर्ष काढू नये. झीज ही मागच्या कित्येक वर्षांची नोंद असते. आज रात्री दात खाल्ले जातात की नाही ते ती सांगत नाही. शिवाय आपल्याकडे दात झिजायची इतर कारणंही थोडी नाहीत. दगडी जात्यावरच्या पिठात कच असायची, ती पिढ्यान्‌पिढ्या भाकरीतून चावली गेली. राखुंडीने, विटकरीच्या भुकटीने दात घासणारी माणसं माझ्या लहानपणी होती. मिश्री लावणाऱ्या बायका आजही खेड्यांत आहेत. त्यांच्या दातांवर भाजलेल्या तंबाखूची पूड घासली जाते आणि निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, म्हणजे झीजही होते आणि झोपही उथळ होते. आत्या मिश्री लावायची. साठीला तिचे पुढचे दात हिरडीपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वर उरले होते. "मिश्रीने खाल्ले," एवढं बोलून सगळे गप्प. तिच्या बाबतीत मिश्री आणि रात्र दोन्ही होत्या, असं मला आता वाटतं.

दाताचं वरचं कवच, एनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे; वजनाने त्याचे शंभरातले शहाण्णव हिस्से खनिजच असतात. पण ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतो तेव्हाच संपतात. हाड जुळतं, कातडी भरते, नख वाढतं. एनॅमल एकदा गेलं की गेलं. चावणं आणि गिळणं धरून दिवसभरात दात एकमेकांना टेकतात ते साधारण वीसेक मिनिटं. बाकी वेळ ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट असायला हवी. मला पन्नास वर्षं वाटत होतं की तोंड मिटणं म्हणजे दात मिटणं. शाळेत आम्हाला कुणी हे शिकवलं नाही, आणि मी पुढे शिक्षिका झाले तेव्हा मीही कुणाला शिकवलं नाही.

त्या दंतवैद्य बाईंनी एक उपाय सांगितला: मोबाइल उशाशी ठेवून रात्रीचा आवाज नोंदवा. पाच-सहा रात्री, कारण दात खाणं रोज सारखं नसतं, एक रात्र कोरडी जाते आणि दुसरी गजबजलेली. मी नोंदवला. सकाळी चहा घेत ऐकायला बसले. बराच वेळ पंख्याची घरघर, मग देवळाली स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीचा भोंगा, कुत्री, आणि मग ते. रिकामं जातं. आत्याचाच आवाज, माझ्या तोंडातला. मी कप खाली ठेवला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या आवाजाने घाबरून उठून बसले होते, तो इतकी वर्षं माझ्याजवळच होता.

प्रयोगशाळेत रात्रभर तारा लावून केलेली तपासणी ही सगळ्यात पक्की, पण ती महाग आहे आणि प्रत्येकाला तिची गरजही नसते. जोडीदाराने सांगितलं, दातांवर खुणा दिसल्या, मोबाइलवर आवाज आला, एवढं जुळलं की दंतवैद्याला पुरेसं असतं.

पुढचा प्रश्न उपायांचा, आणि इथे मला जरा ठामपणे बोलायचं आहे. झोपेतलं दात खाणं कायमचं बंद करणारं औषध नाही. तसं कुणी विकत असेल तर घेऊ नये. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत: दात वाचवणं आणि झोप सुधारणं. दात वाचवायला रात्री घालायची पट्टी मिळते, नाइट गार्ड म्हणतात तिला. दातांचा साचा घेऊन कडक ॲक्रिलिकची, सगळ्या दातांवर बसेल अशी बनवलेली असावी. ती दात खाणं थांबवत नाही. दाताऐवजी प्लॅस्टिक झिजतं, एवढंच तिचं काम, आणि ते फार मोलाचं काम आहे. औषधाच्या दुकानातल्या किंवा ऑनलाइन मागवलेल्या मऊ पट्ट्यांनी काहींचं आवळणं उलट वाढतं. फक्त पुढच्या दातांवर बसणाऱ्या छोट्या पट्ट्या बेताने आणि देखरेखीखालीच वापराव्यात, नाहीतर दात जागेवरून सरकतात. पट्टी बनवायला खर्च होतो हे खरं, पण दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत तो पुष्कळ कमी असतो, आणि आमच्या जिल्ह्याला तर पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. एका रूट कॅनाल आणि टोपीच्या पैशांशी ताडून पाहावं.

चावा जुळत नाही म्हणून दात घासून सपाट करू, असं कुणी म्हणालं तर थांबावं आणि दुसऱ्या वैद्याचं मत घ्यावं. गेल्या शतकात, विशेषतः 1961 नंतर, चाव्यातला दोष हेच मूळ कारण अशी समजूत जोरात होती आणि तिच्यापायी असंख्य लोकांचे धड दात घासले गेले. पुढच्या संशोधनात तिला आधार मिळाला नाही. घासलेलं एनॅमल परत येत नाही. जबड्याच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनची सुई देतात, तिने स्नायूचा जोर काही महिने कमी होतो, पण झोपेतला तो ताल मेंदूतून येतो, तो चालूच राहतो. फार दुखत असेल, दुसरं काही चालत नसेल, तेव्हाचा तो उपाय आहे.

उरलेलं घरच्या घरी. दुपारी चारनंतरचा चहा मी सोडला, हे लिहायला एक ओळ लागते, करायला एक हिवाळा लागला. रात्रीचं जेवण लवकर. दिवसा आवळणं मोडायला मी स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर, आरशावर आणि टेबलावर लाल ठिपके चिकटवले. ठिपका दिसला की स्वतःला विचारायचं, दात टेकलेत का? ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला सैल. पहिल्या आठवड्यात मी पाहिलं तेव्हा बहुतेक वेळा दात टेकलेलेच होते. झोपताना गरम पाण्याचा फडका जबड्यावर. माझी कानशिलं आता ठणकत नाहीत. दात मी अजूनही खाते. पट्टीवर दर वर्षी नव्या रेघा उमटतात.

एवढ्या-तेवढ्या गोष्टीचा आजार करून दवाखाने भरायचे का, असं माझ्या थोरल्या भावाने मला विचारलं होतं. त्याचा प्रश्न रास्त आहे. कॅनडात 1994 साली छापल्या गेलेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे आठ टक्के प्रौढांनी झोपेत दात खात असल्याचं सांगितलं, आणि वय वाढेल तसं ते प्रमाण घटत गेलं. यातल्या बहुतेकांना काहीही करावं लागत नाही. दात शाबूत, जबडा दुखत नाही, झोप चांगली, तर सोडून द्यावं. पण सोडून देणं हे पाहून ठरवायचं असतं, न पाहता नाही. कारण कधीकधी दातांच्या आवाजामागे दुसरं काही दडलेलं असतं, आणि माझं सगळं बोलणं खरं म्हणजे तिथे येऊन थांबतं.

आत्या घोरायची. घोरता घोरता एकदम शांतता पडायची, मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास, आणि त्याच्या आगेमागे दातांचा आवाज. त्या लग्नाच्या रात्री मी हे ऐकलं होतं. लहान होते, मला त्याचा अर्थ कळण्यासारखा नव्हता, पण क्रम माझ्या डोक्यात पक्का आहे. पुढे तिला रक्तदाब झाला, तीन गोळ्यांनीही उतरेना. दुपारी भाजी निवडता निवडता तिचा डोळा लागायचा, सुरी हातात तशीच. "आळशी झालीय," म्हणत. झोपेत श्वास अडण्याचा जो विकार आहे, स्लीप ॲप्निया, त्याचं हे चित्र आज कुठल्याही डॉक्टरला ओळखता येईल. दात खाणं आणि श्वास अडणं पुष्कळदा एकाच माणसात सापडतं. एकामुळे दुसरं होतं का, यावर अजून एकमत नाही, पण एक दिसलं तर दुसरं शोधावं इतकं नक्की. श्वास अडत असेल तर नुसती पट्टी बसवून भागत नाही, वरच्या दातांवरची पट्टी काहींना त्रासदायकही ठरू शकते, म्हणून घोरण्याबद्दल दंतवैद्याला आधी सांगायचं. आत्या पक्षाघाताने गेली, त्रेसष्टाव्या वर्षी. तिला ॲप्नियाच होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण तिला कुणी विचारलंच नाही, तपासलंच नाही, हे मी म्हणू शकते. ती चारचौघींतून उठून कोठीच्या खोलीत गेली आणि तिच्याबरोबर ऐकणारे कानही गेले. तिला तिथे आम्ही पाठवलं, एका सकाळच्या हसण्याने.

म्हणून हसणं मला आता सहन होत नाही. झोपेत दात खाणारा माणूस लाजला की तो वेगळं झोपतो, आणि वेगळं झोपला की त्याच्या आजाराचा साक्षीदार नाहीसा होतो. हॉस्टेलमधल्या मुलांमुलींना, बराकीतल्या जवानांना, लॉजवर राहून नोकरी करणाऱ्यांना हे जास्तच लागू आहे.

मागच्या मार्च महिन्यात माझ्या चुलतभावाची सून सात वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे कॅम्पात राहायला आली होती. मुलगा माझ्या खोलीत झोपला. रात्री दात वाजले, करकर, तीन-चार वेळा. लहान मुलांत हे मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतं आणि बहुतेकांचं दहा-बारा वर्षांपर्यंत आपोआप कमी होतं, दुधाच्या दातांसाठी काही करावंही लागत नाही, त्यामुळे मी घाबरले नाही. पण तो तोंड उघडं टाकून झोपला होता, घोरत होता, आणि मध्ये एकदा श्वास थांबल्यासारखा वाटला. मी घड्याळ लावून पुढचा तासभर जागी राहिले आणि मोबाइलवर नोंद केली.

सकाळी त्याची आई म्हणाली, "आत्याबाई, दात खातो ना? सासूबाई म्हणतात जंताचं औषध पाज. मागच्या महिन्यातच पाजलंय, परत देऊ का?"

मुलगा समोरच दूध पीत होता. मी तिला आत नेलं आणि ते ध्वनिमुद्रण तिच्या कानाला लावलं. जंत झाले असतील तर औषध जंतांसाठी दे, दातांसाठी नको, असं सांगितलं. त्याला शाळेत झोप येते का, सर्दी सतत असते का, तोंडाने श्वास घेतो का, ते विचारलं. तिन्हींना तिचं उत्तर हो आलं. सोमवारी आम्ही तिघं नाशिक रोडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. टॉन्सिल आणि नाकामागची गाठ, दोन्ही वाढलेले निघाले.